नागपूरच्या मनीष नगरातल्या एका खोलीतून पहिला अल्बम: रूट्स रॉकची आठ गाणी, पहिल्या ओळीपासून रिलीजपर्यंत

'कोणता माइक घेतला बे?' अल्बम आल्यापासून भेटेल तो आधी हेच विचारून राहिला. सांगतो, माइकचंही सांगतो, पण ते बरंच खाली येईल, कारण माझी पहिली चूक तीच होती. गाणी जेमतेम साडेतीन झाली होती आणि मी बर्डीच्या बाजारात जाऊन स्टँड, केबल, पॉप फिल्टर सगळं घेऊन आलो, मग पाच महिने ते सामान खाटेखाली धूळ खात पडलं. शेवटी झालं ते असं: आठ गाणी, ३४ मिनिटं, घरची एक खोली, एकीकडे वर्धेकडे जाणारी रेल्वे लाईन आणि दुसरीकडे सोनेगावचं विमानतळ. जसं केलं ते आणि जसं करायला पाहिजे होतं ते, दोन्ही लिहून ठेवतो.

मुळं कुठली, हे आधी

रूट्स रॉक म्हणजे काय ते दोन ओळीत. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतले काही रॉकवाले स्टुडिओतल्या करामतींना कंटाळले आणि परत ब्लूज, कंट्री, फोक, चर्चमधली गाणी इकडे वळले, मोजके कॉर्ड, गोष्ट सांगणारे शब्द आणि चार जण एका खोलीत बसून वाजवताहेत असा आवाज. ती त्यांची मुळं झाली. आपण नागपुरात बसून हायवे आणि व्हिस्कीवर मराठीत गाणी लिहिली तर ती ऐकणाऱ्याला दोन मिनिटात कळते की उसनी आहेत. मी अशी चार लिहिली होती. चारही फेकली.

म्हणून पहिलं काम गिटार न घेता करायचं. वयाच्या बारा वर्षांपर्यंत घरात, गल्लीत, गावाला जे जे ऐकलं त्याची यादी काढा. माझ्या यादीत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं होती, आजीकडची भुलाबाईची गाणी, १४ एप्रिलच्या रात्रीची भीमगीतं, मामाच्या गावाला झाडीपट्टीच्या नाटकात रात्रभर पेटी-तबल्यावर चालणारा संगीताचा भाग, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीतली ती आरोळी, एकानं काहीतरी म्हणायचं आणि सगळ्यांनी 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडायचं. आता बघा, एकानं म्हणायचं आणि घोळक्यानं उत्तर द्यायचं हीच तर ब्लूज-गॉस्पेलची मांडणी आहे! आपल्याकडे ती रस्त्यावर पडली आहे आणि आपण यूट्यूबवर शोधून राहिलो.

तालाचंही तसंच. केरव्याच्या आठ मात्रा रॉकच्या चार बीटवर आरामात बसतात. धा गे ना ति न क धि न, यातल्या 'ना' आणि 'धि' वर स्नेअर (ड्रम सेटमधला करकरीत छोटा ड्रम) टाका, 'धा' वर किक (पायानं वाजणारा मोठा), की झाला बॅकबीट, रॉकचा तो दुसऱ्या-चौथ्या बीटवरचा जोर. दादरा सहाचा, तो सिक्स-एट म्हणून वाजवा, संथ गाण्याला मस्त लागतो. पण तबला किंवा ढोलकी वरून चिकटवू नका. म्हणजे ड्रम वाजूनच राहिले आणि त्यावर चवीपुरती ढोलकी, ते लग्नातल्या फ्यूजन बँडसारखं होतं. ठेका कोणाच्या तरी एकाच्या हातात पाहिजे. माझ्या तीन गाण्यात ड्रमच नाहीत, खंजिरी आणि बास, बस्स.

शब्द

मराठीत रॉक लिहिताना सगळ्यात जास्त बिघडतं ते इथं, म्हणून जरा थांबतो. इंग्रजी गाण्याची चाल डोक्यात ठेवून मराठी शब्द त्यात कोंबले की शब्दाचा जोर भलत्या अक्षरावर पडतो, ऐकणाऱ्याला काय खटकलं ते सांगता येत नाही पण तो गाणं बदलतो. उपाय एकदम साधा, ओळ आधी टपरीवर बोलतो तशी बोलून बघा, हातानं टेबलावर ठेका धरा, बोलताना जिथं आपोआप जोर येतो तिथं बीट येते का ते बघा. नसेल येत तर चाल वाकवा. शब्द वाकवू नका.

लांब सूर धरायचा असेल तर ओळीचा शेवट आ, ओ, ए वर आणा, 'काळ', 'ऊन', 'घर' असे मिटणारे शब्द लांबवले की तोंड बंद पडतं. आणि अभंगाचा साचा एकदा वापरून बघाच, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा. शेवटचा चार अक्षरांचा तुकडा आखूड असल्यामुळे तिथं आपोआप जागा सुटते, श्वास घ्यायला आणि गिटारनं उत्तर द्यायला. संतांनी आपल्याला गिटारचा फिल (दोन ओळींमधला छोटा तुकडा) कुठं वाजवायचा ते सांगून ठेवलंय असं मी गमतीनं म्हणतो.

बोली कोणती? माझं सरळ मत, जी घरात बोलता ती. मी तीन गाण्यात 'मले-तुले' ठेवलं आणि पाच गाणी साध्या मराठीत, कारण माझ्या घरी दोन्ही चालतं. मुद्दाम वऱ्हाडी केलं तर ते कॉमेडी वाटतं, तेवढं टाळा.

गाणं उभं राहते की नाही

हा टप्पा लोक गाळतात आणि माझ्या मते अल्बम इथंच होतो किंवा मोडतो. एक गिटार, एक आवाज, माइक नाही, समोर पाच माणसं. त्यातले दोन तरी असे पाहिजेत ज्यांना रॉक-बिक काही घेणं नाही. गाणं सांगायचं नाही की कशावर आहे, फक्त वाजवायचं. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाला तरी एक ओळ आठवत असेल तर गाणं ठेवा. मी १९ लिहिली, तीन-चार महिने गच्चीवर, मित्राच्या दुकानाच्या मागे, एकदा तर अंबाझरीच्या काठावर वाजवून बघितली, आठ उरली. एका गाण्यावर मी फार खूश होतो, सात कॉर्ड, मधे तालच बदलायचा. आमचा बासवाला ऐकून म्हणे, 'भाऊ, चांगलं आहे पण गाणं कुठाय?' गेलं ते.

किती गाणी पाहिजेत? स्ट्रीमिंगच्या हिशोबात साधारण सात गाणी किंवा ३० मिनिटांच्या वर गेलं की अल्बम धरतात, चार ते सहा गाणी आणि ३० मिनिटांच्या आत असेल तर ईपी, म्हणजे छोटा अल्बम. पहिल्यांदा करताय तर आठ-नऊच्या वर जाऊ नका, प्रत्येक जास्तीचं गाणं म्हणजे मिक्सिंगचे, सगळे आवाज एकमेकांत जुळवायचे, आठ-दहा दिवस.

याच काळात पट्टी पक्की करा. पेटीवाला सोबत असेल तर तो 'काळी दोन' म्हणेल आणि तुम्ही डी शार्प शोधत बसाल, तर पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, तिथून मोजत चला, कॅपोनं (गिटारच्या मानेला लावायचा चिमटा) सगळं जुळतं. आणि एक गोष्ट, जुनी पेटी बऱ्याचदा ४४० हर्ट्झ या ठरलेल्या सुरावर बरोबर नसते, थोडी वर किंवा खाली असते. पेटी काही पाच मिनिटात सुरात लावता येत नाही, म्हणून ट्यूनरवर पेटीचा सूर बघून गिटार आणि बास तिकडे सरकवा, आणि हे रेकॉर्डिंगच्या दिवशी नाही, आठवडाभर आधी.

कागद, कंटाळवाणा पण आधीच

दोस्ती आहे म्हणून राहू द्या म्हणू नका. गाणं कोणाचं, शब्द कोणाचे, चाल कोणाची, टक्के किती, हे एका पानावर लिहून सह्या. वाजवायला आलेल्याला ठरलेले पैसे आणि तसा कागद. कायद्यानं रेकॉर्डिंगचा मालक हा ते करायचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा निर्माता असतो, गाणारा असतोच असं नाही, तर कोणी 'मी पैसे लावतो' म्हणून पुढं आला तर मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, कोणाच्या नावावर राहील ते आधी लिहून घ्या.

मुळांकडं जायचं म्हटलं की कोणाला तरी जुनं भजन घ्यावंसं वाटतंच, मलाही वाटलं. तर आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या भजनांवर २०२८ संपेपर्यंत हक्क आहे, परवानगीशिवाय घेता येत नाही. तुकोबा, चोखोबांचे अभंग मोकळे आहेत, पण तुम्हाला जी चाल माहीत आहे ती कोण्या अलीकडच्या संगीतकाराची असू शकते, तर शब्द घ्या आणि चाल स्वतःची लावा. परंपरेनं चालत आलेली भुलाबाईची गाणी चालतात, मात्र कोणाचं रेकॉर्डिंग उचलून त्याचा तुकडा वापरायचा नाही. दुसऱ्याच्या गाण्याचं कव्हर करायचं तर कायद्यातला लायसन्सचा रस्ता पहिल्या रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर पाच वर्षांनी उघडतो, आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी भरायची आणि शब्द बदलायचे नाहीत. पहिल्या अल्बमला एवढं डोकं लावण्यापेक्षा स्वतःची गाणी बरी.

कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, हक्क लिहिल्याबरोबर मिळतो. तरी पुरावा म्हणून करायची असेल तर शब्द आणि चाल प्रत्येकी ५०० रुपये, रेकॉर्डिंगला २००० रुपये फी आहे. मी फक्त शब्दांची केली.

नागपूरचं कॅलेंडर

हे कोणत्याच यूट्यूब व्हिडिओत नाही. इथं रेकॉर्डिंगचा सीझन म्हणजे दिवाळी झाल्यावर ते फेब्रुवारी. मार्चपासून पंखा लागतो, एप्रिलपासून कूलर, आणि मे संपतानाच्या नवतप्यात ४५ च्या वर पारा असताना कूलर बंद करून बंद खोलीत तुम्ही एक टेक द्याल, दुसऱ्याला चक्कर येईल. मी मेमध्ये दोन गाण्यांचे आवाज घेतले होते, वीस मिनिटं कूलर बंद, मग दहा मिनिटं चालू असं करत. दुसऱ्या दिवशी ऐकलं तर एका टेकमधे मागं पाण्याची टपटप, पंप बंद करायचा राहिला होता. दोन्ही गाणी डिसेंबरमधे परत घेतली.

गिटारलाही त्रास आहे. लाकडाच्या गिटारला ४५ ते ५५ टक्के दमटपणा मानवतो, आपल्या उन्हाळ्यात हवा फारच कोरडी असते, लाकूड आकसतं, फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बाहेर येऊन बोटाला खरवडतात, जास्त झालं तर वरची फळी तडकते. साबणाच्या डबीला भोकं पाडून ओला स्पंज टाकायचा आणि गिटारच्या केसमधे ठेवायचा, दोन दिवसांनी परत ओला करायचा. कूलरच्या खोलीत गिटार खरं तर खूश असते, पण थेट कूलरसमोर ठेवू नका. पावसाळ्यात उलट, लाकूड फुगतं, ॲक्शन वर येते, म्हणजे तारा मानेपासून लांब जातात.

थंडीत अडचण लग्नांची. आमच्या घराजवळ लग्नांचे दोन लॉन आहेत, मुहूर्ताच्या तारखा कॅलेंडरमधून बघून तेवढे दिवस मी आधीच खोडून टाकले. मग उरल्या गाड्या आणि विमानं. एक आठवडा वही घेऊन बसा आणि कोणत्या वेळी किती शांतता आहे ते लिहा. माझ्याकडे दुपारी दोन ते चार सगळ्यात बरं निघालं. मला वाटलं होतं रात्र, पण रात्री मालगाड्या.

त्याच वहीनं खोलीही निवडली. मला समोरची मोठी खोली पाहिजे होती, मिळाली मागची, कपाट, पलंग आणि गाद्यांनी भरलेली. तीच चांगली निघाली. रिकामी खोली घुमते. टाळी वाजवून बघा, 'टंग' असा धातूसारखा आवाज परत आला तर त्या भिंतीवर काहीतरी जाड लावायचं आहे. अंड्याचे ट्रे लावू नका, त्यानं काही होत नाही. दोन इंची रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) लाकडी चौकटीत बसवून कापडात गुंडाळलं, कापड गांधीबागेतून, चौकटी सुतारानं दिल्या, अशा सहा केल्या. आणि गाताना पाठीमागे दोरीवर आईच्या दोन जाड गोधड्या. माइक समोरून ऐकतो, तुमच्या मागची भिंत तुमचा आवाज त्याच्याकडे परत फेकते, म्हणून गोधडी पाठीमागे पाहिजे, माइकच्या मागं नंतर.

विजेचं बघा. गिटार लावली की 'घूंऽऽ' येते ती बहुतेक ५० हर्ट्झची गुणगुण. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, गेली तर बॅटरीवर रेकॉर्ड करा. नाही गेली तर घराचं अर्थिंग तपासा, उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, जुन्या लोकांसारखं खड्ड्यात बादलीभर पाणी टाकून फरक पडतो का बघा. वायरिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच. साधा स्क्वेअर वेव्हवाला इन्व्हर्टर असेल तर लाईट गेल्यावर रेकॉर्डिंग थांबवा, तो करकर करतो. फ्रिज बंद करायचा, आणि गाडीची चाबी फ्रिजमधे ठेवायची, म्हणजे घराबाहेर पडताना तो परत चालू करायचं आठवतं. मी न ठेवल्यामुळं एकदा सगळं दूध नासलं, घरी त्यावर अजून ऐकून घेतो.

आता माइक

शुअर एसएम ५७ आणि ५८. बस. दोन्ही १९६० च्या दशकातली डिझाइन, डायनॅमिक माइक, जवळचं ऐकतात आणि लांबचं बरंच सोडून देतात. कंडेन्सर नाजूक आणि तपशीलवार असतो हे खरं, तो मी मित्राचा आणून लावला, त्यात माझा श्वास, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आणि वर्धा लाईन सगळं तपशीलवार आलं. खोली चांगली नसेल तर महागडा माइक खोलीच जास्त चांगली रेकॉर्ड करतो. हे पटत नसेल तर ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ चा 'नेब्रास्का' घ्या, घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, दोन एसएम ५७ वर झालेला आहे.

बाकी दोन इनपुटचा एखादा इंटरफेस (माइक-गिटार लॅपटॉपला जोडणारी डबी), कान झाकणारे बंद हेडफोन, आणि सॉफ्टवेअर म्हणून मी रीपर वापरतो, ६० दिवस फुकट वापरून बघता येतं आणि छोटं लायसन्स ६० डॉलरचं आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. आवाज मायनस १२ ते मायनस १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, २४ बिटमधे कमी आवाजात घेतलं तरी काही बिघडत नाही, लाल लागलं की मात्र ते गेलंच. हेडफोनमधे स्वतःचा आवाज उशिरा येत असेल तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधला बफर १२८ वर आणा किंवा इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर बटन दाबा.

प्रत्यक्ष रेकॉर्डिंग

क्रम माझा असा होता: आधी बास आणि ताल एकत्र, सोबत मी कच्ची गिटार आणि कच्चा आवाज देतो, मग पक्की गिटार, मग बाकी, शेवटी पक्का आवाज. एकेक वाद्य वेगवेगळं घेतलं की रूट्स रॉकचा जीव जातो, कारण त्यात मजा ही एकमेकांकडे बघून जरा मागेपुढे होण्यात आहे. क्लिक, म्हणजे ताल धरायला हेडफोनमधली टिकटिक, वापरायचा का? यावर भांडणं होतात. मी पाच गाणी क्लिकवर घेतली आणि तीन मोकळी, त्या तिघांत फक्त पहिले चार बार क्लिक देऊन बंद केला. मोकळ्या गाण्यात नंतर कापाकापी करता येत नाही, पूर्ण टेकच चांगला पाहिजे, एवढी तयारी असेल तरच.

घरी ड्रम सेट वाजवता येत नाही, शेजारी आहेत. त्यासाठी एक दिवस स्टुडिओ भाड्यानं घ्या, पण तिथं शिकायला जाऊ नका, सगळं पाठ करून जा. आम्ही एका दिवसात पाच गाण्यांचे ड्रम केले. बारा माइक लावायचा आग्रह होतोच, आम्ही चार लावले: एक वर, एक ड्रमरच्या उजव्या खांद्यामागं फ्लोअर टॉमकडून (जमिनीवर उभा असतो तो ड्रम), एक किकला, एक स्नेअरला. वरचा आणि खांद्यामागचा हे दोन्ही स्नेअरच्या मधापासून अगदी सारख्या अंतरावर पाहिजेत, दोरी धरून मोजा, नाहीतर स्नेअरचा आवाज पोकळ येतो.

अकौस्टिक गिटारचा माइक भोकासमोर कधीच नाही, तिथं नुसती गडगड येते. बाराव्या फ्रेटकडे तोंड, एक-दीड वीत लांब, मग हेडफोन घालून इंच-इंच सरकवत बसा, अर्धा तास गेला तरी चालेल कारण मिक्समधले दोन दिवस वाचतात. तारा रेकॉर्डिंगच्या एक-दोन दिवस आधी बदला, त्याच दिवशी नाही. प्रत्येक टेकआधी ट्यून, कंटाळा आला तरी. इलेक्ट्रिकला छोटा ॲम्प, माइक स्पीकरच्या मधावर न धरता कडेला, दोन बोटं अंतर. बास सरळ इंटरफेसमधे.

खंजिरी फसवते. कानाला गोड वाटते आणि रेकॉर्डिंगमधे त्या झांजा सुईसारख्या टोचतात. माइकपासून दोन-तीन फूट लांब उभं करा, माइकचं तोंड खंजिरीच्या थोडं वर, सरळ तिच्याकडे नाही, आणि लेव्हल नेहमीपेक्षा कमी. आमचा खंजिरीवाला भजन मंडळातला, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, काका म्हणतो मी त्यांना. हेडफोन घालून त्यांना वाजवताच येईना. मग हेडफोन काढले, मी समोर बसून हळू आवाजात गायलो आणि त्यांनी पहिल्याच टेकमधे गाणं दिलं. माझं हळू गाणं त्या ट्रॅकमधे मागं ऐकू येते, तसंच ठेवलं.

आवाज सगळ्यात शेवटी आणि दिवसाला एकच गाणं, जास्तीत जास्त दोन. तोंड माइकपासून चार बोटं. तर्री पोहा त्या दिवशी सकाळी नाही, गाऊन झाल्यावर. पूर्ण गाणं तीनदा म्हणा, त्यात मिळालं नाही तर चहा, मग अजून दोनदा, आणि तरी नाही तर उद्या. मी एका गाण्याचे ४१ टेक घेतले होते, शेवटी दुसरा वापरला. ओळीओळीचे सगळ्यात सुरेल तुकडे जोडून टेक करता येतो, पण मग तो माणूस गोष्ट सांगतोय असं वाटत नाही. एखादा सूर जरा खाली असेल आणि ओळ खरी वाटत असेल तर मी ओळ ठेवतो.

रोज रात्री कॉपी. लॅपटॉपवर एक, बाहेरच्या डिस्कवर एक, आणि एक घराबाहेर, क्लाउड किंवा मित्राकडे. माझी डिस्क टेबलावरून पडली, सहा दिवसांचं काम गेलं. अजून काय सांगू.

मिक्स, मास्टर

स्वतः करायचं की द्यायचं? मी आधी स्वतः कच्चं मिक्स केलं, मग दुसऱ्याला दिलं, आणि ते बरोबर ठरलं कारण तोपर्यंत मला काय पाहिजे ते शब्दात सांगता येत होतं. पहिल्या माणसाकडून जे आलं त्यात माझा आवाज इतका चकचकीत होता की मलाच ओळखू येईना, आणि त्यात पैसेही गेले आणि दीड महिनाही. म्हणून आधी फक्त एक गाणं द्या, पटलं तर बाकी.

स्वतः करणाऱ्यांसाठी थोडक्यात. सगळे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या) खाली, आधी आवाज आणि मुख्य गिटार, तेवढ्यावर गाणं उभं करा, गच्चीवर उभं होतं तसं. मग एकेक वाद्य आणा, आणि आणल्यावर गाणं पुढं गेलं नाही तर म्यूट. मी एका गाण्यातून अशी दोन गिटारं आणि पेटी काढली. आवाजाचं ८० हर्ट्झच्या खालचं काढून टाका, गिटार गढूळ वाटत असेल तर २०० ते ३०० च्या आसपास थोडं कमी करा. रिव्हर्ब (घुमारा) जेवढा बरा वाटतो त्याच्या निम्मा. मग फोनच्या स्पीकरवर, एका कानात इअरफोन घालून, मित्राच्या कारमधे. फोनवर बास ऐकूच येत नसेल तर बासचा आवाज वाढवून उपयोग नाही, त्याला थोडी खरखर द्या.

मास्टरिंगमधे, म्हणजे मिक्स झालेल्या गाण्यावर शेवटचा हात फिरवताना, आवाज फुगवायच्या मागं लागू नका. स्पॉटिफाय साधारण मायनस १४ एलयूएफएसला (गाणं किती मोठ्यानं वाजतं त्याचं माप) सगळ्यांना आणून बसवतो, तुम्ही मायनस ८ ला दाबून दिलं तरी तो खालीच आणणार, फक्त ड्रमचा ठोका मेलेला राहील. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, मायनस १ डेसिबल ठेवा. गाण्यांचा क्रम ठरवायला मी तीन वेगवेगळे क्रम फोनमधे टाकून तीन संध्याकाळी फुटाळ्याला चालत ऐकले, तिसऱ्यात हात एकदाही खिशाकडे गेला नाही, तो क्रम ठेवला.

बाहेर काढताना

वितरणासाठी, म्हणजे स्पॉटिफायसारख्या ॲपवर गाणी पोचवायला, सेवा बऱ्याच आहेत, डिस्ट्रोकिड वर्षाची फी घेतं, सीडी बेबी एकदाच. वर्षाच्या फीवाल्यांकडं फी थांबली की बहुतेक वेळा गाणीही उतरतात, तर दहा वर्षांचा हिशोब करून निवडा. प्रत्येक गाण्याला १२ अक्षरांचा आयएसआरसी नंबर, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, लागतो, वितरक देतो, तो वहीत लिहून ठेवा कारण एखादं गाणं आधी सिंगल म्हणून काढलं आणि नंतर अल्बममधे घातलं तर तोच नंबर द्यायचा, नाहीतर स्ट्रीमची मोजणी वेगळी पडते. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल चौकोनी, त्यावर इन्स्टाचं नाव किंवा क्यूआर कोड टाकला तर परत येतं.

भाषा मराठीच निवडा, घाईत हिंदी राहून जाते. गाण्याच्या नावाचं रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा आणि सगळीकडं तेच लिहा. आणि कलाकाराचं नाव आधी शोधून बघा! माझं पहिलं सिंगल माझ्याच नावाच्या दुसऱ्या कोण्या डीजेच्या पानावर जाऊन बसलं, ते काढायला तीन आठवडे ईमेल. आता मी आडनावासकट पूर्ण नाव लावतो.

तारीख ठेवताना महिनाभर हातात ठेवा. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समधून प्लेलिस्टसाठी एका वेळी एकच गाणं सुचवता येतं आणि तेही रिलीजच्या किमान सात दिवस आधी, अल्बममधलं सगळ्यात लवकर कळणारं गाणं सुचवा, तुमचं लाडकं नाही. मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीमच्या खाली असलेल्या गाण्याला स्पॉटिफाय काहीच देत नाही, तर पैशाचं गणित तिथं मांडू नका. बँडकॅम्पवर डिजिटल विक्रीचे १५ टक्के ते ठेवतात, पेमेंटची फी वेगळी कटते, बाकी तुमचे, आणि तिथं खरंच पुण्या-मुंबईच्या अनोळखी लोकांनी अल्बम विकत घेतला. शब्द आणि चाल तुमची असेल तर आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासद व्हा, गायक म्हणून इसम्राचे (गायक-वादकांची तशीच संस्था), दोन वेगळे हक्क आहेत.

आणि घरच्या लोकांना कसं ऐकवायचं ते विसरू नका. आमच्या काकांच्या भजन मंडळात कोणाकडंच ॲप नाही, त्यांनी पेनड्राइव्ह मागितला. मी ४० पेनड्राइव्ह भरले, सोबत गाण्यांचे शब्द छापलेली घडीची पत्रिका, मोठ्या टाइपात. पहिला कार्यक्रमही गच्चीवरच केला, रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो म्हणून साडेसातला सुरू, सतरंज्या, चहा, शेवटी संत्रा बर्फी. मधे मालगाडी आली, गाणं थांबवलं नाही, काकांनी तिच्या खडखडाटावर खंजिरी धरली. ते रेकॉर्ड करायचं मात्र राहून गेलं, इंटरफेस खाली खोलीतच होता.